टाकीपलीकडची शाळा

लग्न होऊन मी त्या शाळेच्या आवारात राहायला आले तेव्हा मला वाटलं होतं, शाळा म्हणजे आमच्या गावातल्यासारखीच असणार. देवळाच्या ओवरीत दोन वर्ग, एक मास्तर आणि पाटीवर थुंकून सदऱ्यानं पुसणारी पोरं. आमचं गाव मलकापूरच्या पुढं, डोंगराच्या अंगाला. तिथं मी दुसरीपर्यंत गेले, मग धाकटा भाऊ झाला, त्याला सांभाळायला घरी बसले. झालं माझं शिक्षण. त्यामुळं शाळेत राहायला जायचं म्हटल्यावर मी आईला विचारलं होतं, "वर्गात निजायचं व्हय?" आई म्हणाली, "निजशील की. जावई नोकरीला हाईत तिथं, ते सांगतील तिथं निज."

ही शाळा कोल्हापूरच्या बाहेर, कळंब्याच्या तळ्याच्याही पुढं माळावर होती. नाव सांगत नाही, आता तिथलं सगळंच बदललंय. मुलांनी राहूनच शिकायचं, सगळं इंग्रजीत. मुंबई-पुण्याची मुलं होतीच, पण आफ्रिकेतली, आखातातली, नेपाळातलीसुद्धा होती. आफ्रिकेतली म्हणजे आपलीच माणसं बरं का, पोटामागं तिकडं गेलेली, त्यांची पोरं. आमचे हे तिथं पंप आणि नळ बघायचे. पहाटे विहिरीवरचा पंप चालू करायचा, उंच टाकी भरायची, मग दिवसभर कुठला नळ गळतोय, कुठला तुंबलाय ते बघत हिंडायचं. पोहायचा तलावसुद्धा होता शाळेत, निळ्या फरशीचा. गावाला गेल्यावर मी तलावाचं सांगितलं तर बायका म्हणाल्या, मग म्हशी कुठं धुतात?

आमच्या खोल्या टाकीच्या मागं, एका ओळीत. टाकीच्या पलीकडं शाळा. मधे तार नव्हती की भिंत नव्हती. पण आम्ही टाकीच्या पुढं जायचं नाही, असं होतं. आम्ही म्हणजे मीच. बाकीच्या खोल्यांत स्वयंपाकी आणि शिपाई, त्यांच्या बायका आपापल्या गावाकडं शेत सांभाळत होत्या. अख्ख्या ओळीत बाईमाणूस मी एकटी. हे पहाटे जायचे ते दिवेलागणीला यायचे आणि माणूस असा की, दिवसातून दहा शब्द बोलले तर अकराव्याला धाप लागावी. वाईट नव्हते हो, अजिबात नाही. बोलायची सवयच नव्हती.

मला एक मूल झालं होतं, ते राहिलं नाही. त्यावर जास्त लिहीत नाही.

शाळेच्या घंटेवर माझा दिवस चालायचा. ही घंटा नाश्त्याची, ही खेळाची, ही गप्प बसायची. शे-दीडशे पोरांचा गलका टाकीपलीकडून यायचा आणि मी इकडं तांदूळ निवडत बसायचे. गाडीच्या खिडकीतून दुसऱ्याच्या गावची जत्रा बघावी, तसं होतं ते.

दुसऱ्या वर्षीची दिवाळीची सुट्टी लागली. दोन दिवस मोटारी आल्या, ट्रंका चढल्या आणि तिसऱ्या दिवशी सगळं शांत झालं. घंटासुद्धा बंद. त्या दिवशी दुपारी मी धुणं वाळत घालत होते, तर टाकीच्या खांबाला टेकून एक मुलगी उभी. दहा-अकरा वर्षांची, दोन वेण्या, गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे. मला वाटलं, गाडी चुकली की काय पोरीची.

ती म्हणाली, "इथं आपण राहता काय?"

मला 'आपण' म्हणणारं ते पहिलंच माणूस. मी म्हटलं, "व्हय, आम्ही राहतो. तू न्हाय गेलीस घरला?"

तर तिचं घर आफ्रिकेत. आगबोटीनं जायला बारा-पंधरा दिवस लागतात म्हणाली, सुट्टी तेवढ्यातच संपायची. वडिलांच्या ओळखीचे एक व्यापारी शहरात राहायचे, सुट्टीला ते घेऊन जायचे तिला. पण त्यांच्याकडं ऐन दिवाळीत सुतक आलं. म्हणून अख्ख्या शाळेत ती एकटी आणि तिच्यासाठी थांबलेल्या मेट्रनबाई. मेट्रनबाई म्हणजे मुलींच्या निजायच्या दालनावर देखरेख करणाऱ्या, मिरजेच्या दवाखान्यात पूर्वी नर्स होत्या. मायेच्या होत्या, पण घड्याळाच्या.

मुलीचं मराठी तिच्या आजीकडून आलेलं, आजी आफ्रिकेतच वारलेली. त्यामुळं दहा वर्षांची पोर सत्तर वर्षांच्या सोवळ्या बाईसारखं बोलायची. आणि मी 'मी आलो, मी गेलो' म्हणायचे, आमच्याकडं बायकाही तसंच बोलतात, त्याला ती खुदुखुदू हसायची. काकू म्हणू का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, मावशी म्हण, काकूला सासर चिकटलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिनंच मला टाकीपलीकडं नेलं. मेट्रनबाई जेवून पडायच्या आणि ह्यांचं सुट्टीतलं काम म्हणजे सगळ्या इमारतींचे नळ तपासायचे, त्यामुळं दारं उघडीच होती. हे एका खोलीत वाकून पाना फिरवत होते, मला बघितलं आणि पुन्हा नळाला लागले. मी पदर घट्ट खोचला आणि पोरीच्या मागं निघाले.

तीन दुपारी आम्ही हिंडलो. पहिल्यांदा जेवायचं दालन. आमच्या गावचं अख्खं लग्न बसेल एवढं, लांबच लांब टेबलं. कोण कुठं बसतं ते तिनं मला सांगितलं, बाकावर हात ठेवत ठेवत, नावं घेत. मग निजायचं दालन. वीस लोखंडी खाटा, एकोणीस गाद्या गुंडाळून ठेवलेल्या आणि मधेच एका खाटेवर पांघरूण घातलेलं. मला ते बघवलं नाही. मी म्हटलं, चल पुढं.

आजारी मुलांची वेगळी खोली होती, चार खाटा, पांढऱ्या चादरी. ती म्हणाली, ही सगळ्यात चांगली जागा. मी विचारलं, का गं? तर म्हणते, इथं आलं की मेट्रनबाई ताप बघायला कपाळावर हात ठेवतात.

तलावातलं पाणी सुट्टीत काढून टाकलं होतं. शिडीवरून आम्ही खाली उतरलो, तळाला बसलो. चारी बाजूंनी निळी फरशी आणि वर तेवढंच आभाळ. बोललेलं घुमायचं. ती म्हणाली, मावशी, कुणाला तरी हाक मारा. मला दुसरं कोण आठवणार? मी "आये" म्हणून ओरडले. ते भिंतींवरून फिरून माझ्याकडंच परत आलं. मग मला हसू यायला लागलं आणि थांबेना. तिनं मात्र हाक मारली नाही.

वाचनालयात पृथ्वीचा गोल होता, फिरवायचा. तिनं तिचं गाव दाखवलं. मग मधला निळा समुद्र ओलांडून बोट इकडं आणलं आणि म्हणाली, इथं कुठंतरी कोल्हापूर, पण लिहिलेलं नाही. मी म्हटलं, अगं, एवढी अंबाबाई इथं बसलीय आणि लिहायला विसरले? मला घाम पुसायची सवय, कपाळाला हात लागलेला होता. बोट टेकवलं तर तिथं कुंकवाचा ठिपका उठला. मी घाबरून पदरानं पुसायला गेले, तिनं हात धरला. राहू दे, म्हणाली, आता सापडेल.

शेवटी तिनं मला ऑफिस दाखवलं, खिडकीतून. आत टेबलावर काळा फोन. ऑफिसच्या पायरीवर ती रोज सकाळी जाऊन बसायची. कारण तिच्या आईनं पत्रात लिहिलं होतं, दिवाळीत फोन करू. कुठल्या दिवशी, ते लिहिलं नव्हतं, लिहिता येणारही नव्हतं. तेव्हा परदेशातून फोन म्हणजे आधी नोंदवायचा आणि देवाचं नाव घेऊन बसायचं, कधी लागेल त्याचा नेम नाही. जूनपासून तिनं आईचा आवाज ऐकला नव्हता.

"ममीचा आवाज अजून आठवतो का, ते मी रोज करून बघते," ती म्हणाली. "अजून आठवतो."

हे मी का सांगतेय, तर मला सगळं माहीत होतं. तो फोन म्हणजे तिला काय होतं, ते ह्या जगात मेट्रनबाईंच्याही आधी मला माहीत होतं. माहीत नसतं तर गोष्ट वेगळी.

दिवाळीची पहिली आंघोळ दोन दिवसांवर आली. मी ह्यांना म्हटलं, त्या पोरीला आंघोळीला बोलावू या. हे म्हणाले, बाईंना विचार. मी मेट्रनबाईंना जाऊन विचारलं. त्यांनी थोडा विचार केला आणि बरं म्हणाल्या. सकाळी सातला मी पाठवते, नऊला परत आणून सोडायची. मी मान डोलावली.

पण सात म्हणजे ऊन आलेलं असतं. पहिली आंघोळ उजाडायच्या आधी व्हायला पाहिजे. सूर्य उगवल्यावर नहाणारा नरकात जातो, असं आमची आई आम्हाला लहानपणी ओढून उठवताना सांगायची. मेट्रनबाई पडल्या ख्रिस्ती, त्यांना काय ठाऊक, असं मी मनाशी ठरवलं. खरं सांगू? नरकाबिरकाचं काही नव्हतं. मला ते सगळं जसंच्या तसं करायचं होतं. अंधारात बंब पेटवायचा, पाट मांडायचा, पाटाभोवती रांगोळी, आणि अर्धवट झोपेतलं पोर हाताला धरून आणायचं. आदल्या वर्षी मी ते सगळं मनात करून ठेवलं होतं, दुसऱ्या एका मुलासाठी.

पहाटे साडेपाचला मी स्वयंपाकघराकडच्या दारानं गेले. मेट्रनबाई आपल्या खोलीत झोपलेल्या. पोरीला हलवलं. ती उठून बसली, डोळे चोळले, आणि पहिलंच काय विचारावं?

"मावशी, फोन आला तर?"

मी म्हटलं, "एवढ्या पहाटं कुणाचा फोन येतोय? चल."

पाटावर बसवून तिच्या डोक्यावर तेल घातलं. केस कसले हो, नुसता गुंता. वेण्या वरवर घट्ट, आत सगळं जटा झालेलं. स्वतःच घालायची ना बिचारी. मी बोटांनी एकेक बट सोडवली. ती मान खाली घालून बसली होती, हूं की चूं नाही. उटणं लावलं, ऊन ऊन पाणी घातलं, मधे एकदा ओवाळलं, हातात फुलबाजी दिली. दारात पायाखाली कारीट फोडायला सांगितलं, तर म्हणाली, हा कोण? मी म्हटलं, हा नरकासुर. तिनं अंगठ्यानं असं चिरडलं त्याला की चार बिया माझ्या लुगड्यावर. अंगण सगळं हसलं त्या दिवशी.

केसांना पंचा बांधून चकली हातात देतेय, तोवर वॉचमन धावत आला. त्याला बोलताच येईना. म्हणाला, फोन आला होता. आफ्रिकेचा. साडेसहाला. निजायच्या दालनात जाऊन आला, खाट रिकामी. मेट्रनबाई उठून ओरडायला लागल्या, दोघांनी तलाव बघितला, विहीर बघितली. परत येऊन फोन उचलला, तर पलीकडं एक बाई नुसतं हॅलो हॅलो करत होती. ह्यानं सांगितलं, पोरगी जागेवर नाही, सापडत नाही. तेवढ्यात लाइन तुटली.

पोरीनं पंचा काढून टाकला आणि ओल्या केसांनी पळाली.

दिवसभर ती फोनपाशी खुर्चीवर बसली. मी बाहेर पायरीवर, फराळाचा डबा मांडीवर घेऊन. आत जायची माझी छाती झाली नाही.  मेट्रनबाईंनी साहेबांना, म्हणजे हेडमास्तरांना, गावी निरोप धाडला, आफ्रिकेला तार केली की मुलगी सुखरूप आहे. फोन परत आला नाही. संध्याकाळी ती बाहेर आली. रडलेली नव्हती. केस तसेच वाळून सुटे, शिकेकाईचा वास येत होता. माझ्यासमोर थांबली.

"आपण म्हणाला होता, कुणाचा येतोय," एवढंच बोलली आणि गेली.

सातला आणली असती तर. साडेसहाला आला होता तो फोन. अर्ध्या तासाची गोष्ट.

सुट्टी संपल्यावर साहेबांनी ह्यांना बोलावून घेतलं. घरी येऊन हे एवढंच म्हणाले, "टाकीच्या पुढं आता जाऊ नगंस." नोकरीवर निभावलं, ते ह्यांच्या स्वभावामुळं. इतक्या वर्षांत त्यांच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती, पहिली आली ती माझ्यामुळं. पुन्हा घंटा सुरू झाल्या, गलका सुरू झाला. मी तांदूळ निवडायला लागले.

मार्गशीर्षात एक दिवस पोस्टमन खोलीशी आला. निळा पातळ कागद, त्याचाच घडी घालून लखोटा केलेला, वर परदेशी शिक्का. म्हणाला, पंपवाल्यांच्या मंडळी म्हणून आलंय, तुम्हीच ना? आफ्रिकेचं आहे. वाचून दाखवू? तो सगळ्यांनाच वाचून दाखवायचा. मी म्हटलं, नको, हे वाचतील.

पण ह्यांना मी दिलं नाही. काय लिहिलं असणार, ते मला न वाचताच कळलं होतं. माझी पोर विहिरीत पडली की काय म्हणून मी इकडं दोन दिवस मेले, बाई, तुला कुणी सांगितलं होतं नसतं शहाणपण? मीही हेच लिहिलं असतं. ते पोस्टमनच्या तोंडून ऐकायचं? ह्यांच्या तोंडून? ह्यांना माझ्यापायी आधीच मान खाली घालायला लागली होती. मी ते पत्र न उघडता नाचणीच्या डब्यात, पिठाच्या तळाशी घातलं. जेवढं बोलून घ्यायचंय ते मी एकटी ऐकेन, असं ठरवलं. त्यासाठी आधी वाचता यायला हवं होतं.

मग लागले मागं. दुसरीतली काही अक्षरं शिल्लक होती, ती उकरून काढली. वाण्याच्या पुड्यांचे कागद सोडवून सरळ करायचे आणि लावायचं बोट. 'गूळ' आधी आला, मग 'बाजारभाव'. एस्टीवरच्या पाट्या. ह्यांना 'हे कुठलं अक्षर' म्हणून विचारायचे, ते सांगायचे, कशाला म्हणून कधी विचारलं नाही. छापील यायला लागलं, पण हातानं लिहिलेलं वाचणं म्हणजे दुसरी डोंगरचढण, ते वाचणाऱ्यालाच माहीत.

ह्या मधल्या काळातली एक गोष्ट आहे. संक्रांत होऊन गेली होती. रविवार होता, दुपारची वेळ. मी दारात आले तर टाकीच्या खांबाला टेकून ती उभी. नवा फ्रॉक, पिवळा. केस सोडलेले, हातात कंगवा. आमच्या खोल्यांकडं बघत होती. मला वाटलं, पोर आली खरी, पण कुणी बघितलं तर ह्यांची नोकरी जायची. आणि खरं म्हणजे मला तिच्या डोळ्याला डोळा द्यायचा नव्हता. घरात तिळगूळ होता. मी आत आले आणि दार लावून घेतलं. फटीतून बघितलं. ती बराच वेळ उभी होती. मग खेळाची घंटा झाली तशी गेली.

मे महिन्यात तिला न्यायला तेच व्यापारी आले. परत येणार नाही, असं हे म्हणाले, आईवडील दुसऱ्या देशात निघालेत. मोटार जाताना मी टाकीपाशी उभी होते. मागच्या काचेतून दोन वेण्या दिसल्या. तिनं वळून बघितलं नाही.

श्रावणात मी पत्र काढलं. पीठ झटकलं, कात्रीनं कडा उघडली. अक्षर चांगलं होतं, टपोरं. एका दुपारी तीन ओळी, असं चार दुपारी वाचलं. ते पत्र अजून माझ्याकडं आहे, पण बघून लिहायची गरज नाही.

लिहिलं होतं की, त्या दिवशी आम्ही फार घाबरलो, पण मग लेकीचं पत्र आलं. तिनं लिहिलं आहे की मावशींनी माझा सगळा गुंता सोडवला आणि जराही दुखलं नाही. ती इथून गेल्यापासून मला रात्रंदिवस तिच्या केसांचीच काळजी होती. कुणाला सांगणार? तुमचे उपकार आहेत. आता एक मागणं आहे. संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी तिचा वाढदिवस आहे. त्या दिवशी तिला एकदा न्हाऊ घाला, औक्षण करा. हे पत्र साहेबांना दाखवलंत तर ते नाही म्हणणार नाहीत. मी तिलाही कळवलं आहे. ती तुमची वाट बघेल.

मी ते वाचून झाल्यावर उठले आणि दार उघडून टाकीकडं बघत बसले. कुणी नव्हतं, पाऊस होता.

मग मी लिहायला शिकले. त्याला आणखी वर्ष गेलं. पहिलं पत्र लिहिलं ते तिच्या आईला, त्याच जुन्या पत्त्यावर. ताई, पत्र मिळालं होतं, मला वाचता येत नव्हतं. ती आली होती, मी दार लावलं. तिला सांगा की मावशीला वाचता येत नव्हतं. एवढंच. वाकडंतिकडं होतं. ह्यांनी पत्ता इंग्रजीत लिहून दिला, टपालात टाकून आले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी ते जुनं पत्र मागून घेतलं आणि वाचलं. वाचून झाल्यावर घडी घालून मला परत दिलं. म्हणाले, "मला का न्हाय दाखवलंस?"

ह्याचं उत्तर मी त्यांना ते असेपर्यंत दिलं नाही. ते रागावले असते म्हणून नव्हे. ते कधीच रागावले नसते, हे मला तेव्हाही माहीत होतं.

आफ्रिकेहून उत्तर आलं नाही. माणसंच तिथं नव्हती तर येणार कुठून? कुणा दुसऱ्याच्या हाती पडलं असेल, त्याला मराठी येत नसेल, त्यानं ठेवून दिलं असेल कुठल्या तरी डब्यात.